निर्दोष बोट आणि सदोष चाप

लक्ष्यवेधी नेमबाजीत गोळी दहाच्या वर्तुळात लागली तर श्रेय नेमबाजाचे आणि ती बाहेर गेली तर दोष पिस्तुलाचा, हा नियम कोणत्याही नियमपुस्तिकेत छापलेला नसला तरी जगभरचे नेमबाज तो इतक्या निष्ठेने पाळतात की छापील नियमांच्या वाट्याला तेवढी निष्ठा क्वचितच येते. मात्र हा दोष पिस्तुलाच्या नेमक्या कोणत्या भागावर ठेवावा, याचा थोडा विचार करावा लागतो. नळीला दोष देणे खर्चाचे असते, कारण मग नळी बदलावी लागते. काडतुसांना द्यावा, तर त्याच खोक्यातील काडतुसे वापरून शेजारच्या गृहस्थाने उत्तम गुण मिळवलेले असतात. आणि वारा सर्वांसाठी एकाच दिशेने वाहत असल्यामुळे त्याच्याविरुद्ध वैयक्तिक तक्रार टिकत नाही. उरतो तो चाप, म्हणजे नेमबाज मंडळी ज्याला सरसकट ‘ट्रिगर’ म्हणतात तो बोटाने मागे ओढावयाचा भाग. तो त्या मानाने स्वस्त असतो, बदलता येतो, आणि गोळी सुटण्याच्या क्षणी घटनास्थळी बोटाखेरीज केवळ तोच हजर असल्यामुळे बोटाला निर्दोष सोडावयाचे झाल्यास दुसरा संशयित उपलब्धच नसतो.

या प्रवृत्तीचा अभ्यास करावयाचा तर त्यासाठी अमेरिकेतील ‘बुल्सआय’ या क्रीडाप्रकाराइतके सुपीक क्षेत्र दुसरे नाही. यात स्पर्धक पिस्तूल एकाच हाताने धरून उभा राहतो, प्रथम ५० यार्डांवरील लक्ष्यावर दहा मिनिटांत दहा गोळ्या सावकाश झाडतो आणि नंतर २५ यार्डांवर वीस सेकंदांत पाच व दहा सेकंदांत पाच अशा चढत्या घाईच्या फेऱ्यांना सामोरा जातो. हा सगळा सोहळा तीन प्रकारच्या पिस्तुलांनी करावयाचा असल्यामुळे पूर्ण स्पर्धा २७० गोळ्यांची आणि २७०० गुणांची होते. हर्शेल अँडरसन या नेमबाजाने १९७४ मध्ये त्यांपैकी २६८० गुण मिळवले, आणि उरलेल्या वीस गुणांबद्दल त्याच्या चापाची चौकशी व्हावी असे कोणालाही वाटले नाही. त्याच्यापेक्षा पाच-सहाशे गुणांनी मागे असलेल्या मंडळींच्या चापांची चौकशी मात्र तेव्हापासून अखंड चालू आहे.

तीन पिस्तुलांपैकी पहिले ०.२२ इंच व्यासाच्या लहान काडतुसांचे असते, आणि नवशिक्याच्या हाती ते बहुधा ‘रुगर’ बनावटीचे येते. विल्यम रुगर आणि अलेक्झांडर स्टर्म या दोघांनी कनेक्टिकट राज्यातील साउथपोर्ट येथे १९४९ मध्ये हे पिस्तूल बाजारात आणले, तेव्हा त्याची किंमत साडेसदतीस डॉलर होती. ती इतकी कमी ठेवता आली, कारण मुठीचा सांगाडा अखंड पोलादातून कोरून काढण्याऐवजी पत्र्याचे दोन अर्धे भाग दाबयंत्रावर घडवून ते एकमेकांना जोडण्याची युक्ती रुगरने योजली होती. पिस्तूल अचूक होते, टिकाऊ होते आणि सामान्य माणसाच्या आवाक्यातले होते. असे गुणी पिस्तूल मिळाल्यावर माणसाने समाधानाने नेमबाजी करावी, अशी अपेक्षा मनुष्यस्वभावाशी परिचय नसलेला वाचकच करील. प्रत्यक्षात या पिस्तुलाभोवती सुट्या भागांची एक बाजारपेठच उभी राहिली आणि आयोवा राज्यातील कॅरोल या लहानशा गावी ‘वोल्कार्टसेन’ नावाचा एक उद्योग तर रुगरच्या पोटातील भाग अधिक सुबक करून विकण्यासाठीच नावारूपाला आला.

मूळ कारखान्याने बसवून दिलेला भाग काढून त्या जागी अन्य उत्पादकाने बनवलेला जो भाग ग्राहक स्वखर्चाने बसवतो, त्याला ‘आफ्टरमार्केट’ भाग म्हणतात. नवीकोरी मोटारसायकल घरी आल्याच्या आठवड्यातच तिला बाहेरून सायलेन्सर लावून घेणाऱ्या तरुणांच्या प्रदेशात ही संकल्पना अधिक विशद करण्याची आवश्यकता नाही.

चापाचे काम वरकरणी साधे असते. पिस्तुलातील घोडा, म्हणजे काडतुसावरील आघातासाठी स्प्रिंगच्या ताणाखाली मागे अडकवून ठेवलेला हातोडीसारखा भाग, एका खाचेत ‘सिअर’ नावाच्या लहानशा अडसराने रोखलेला असतो. चाप ओढला की मधल्या दुव्यामार्फत सिअर त्या खाचेतून सरकतो आणि घोडा मोकळा होऊन पुढे आपटतो. एवढ्या या प्रवासाचे नेमबाजांनी मात्र इतके बारकाईने टप्पे पाडले आहेत की शास्त्रकारांनीही त्यांच्याकडून धडा घ्यावा. चाप प्रथम विनाअडथळा जेवढा मागे येतो ती ‘मोकळी चाल’. नंतर अडथळा जाणवू लागल्यावरही तो जो किंचित, खरखरत, मन विषण्ण करीत सरकतो त्याला ‘क्रीप’ म्हणतात आणि तो सर्व अनर्थांचे मूळ मानला जातो. सिअर सुटतो तो क्षण ‘ब्रेक’. आणि सुटल्यानंतरही चाप जेवढा मागे जातो ती ‘ओव्हरट्रॅव्हल’, म्हणजे कार्यभाग उरकल्यानंतरची निरर्थक वाटचाल होय. ही शेवटची वाटचाल थांबवण्यासाठी आफ्टरमार्केट चापात बहुधा एक सूक्ष्म स्क्रू दिलेला असतो.

उत्तम चाप कसा सुटावा, याविषयी अमेरिकी नेमबाजांचे दुर्मीळ एकमत आहे : तो काचेची कांडी मोडावी तसा सुटला पाहिजे. ही उपमा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असून ती वापरणाऱ्यांपैकी कितीजणांनी आयुष्यात खरोखर काचेची कांडी मोडली आहे, हा प्रश्न विचारणे शिष्टसंमत मानले जात नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ज्यांच्या हातून ती मोडली, त्यांच्या आठवणी सुखद असण्याचे कारण नाही, कारण त्या प्रसंगी बोट कापण्याचा आणि दंड भरण्याचा योग एकदमच येतो. तथापि उपमेचा अधिकार अनुभवावर अवलंबून नसतो, आणि कारखान्याच्या चापाला ‘काच नव्हे’ असे म्हणून एकदा नापास केले की पुढील खर्चाचा मार्ग मोकळा होतो.

येथे निःपक्षपातीपणे नोंदवले पाहिजे की चापाविरुद्धची फिर्याद सर्वस्वी खोटी नाही. चाप सोडवण्यासाठी लागणारे बळ पौंडांत मोजतात, आणि कारखान्यातून आलेल्या रुगरचा चाप साधारणपणे चार ते पाच पौंडांच्या आसपास सुटतो. पाच पौंड म्हणजे सव्वादोन किलोहून थोडे अधिक. आता गंमत अशी की या जातीच्या लक्ष्यवेधी पिस्तुलाचे स्वतःचे वजन एक ते सव्वा किलोच्या घरात असते. म्हणजे सरळ पुढे ताणलेल्या एका हातात जी वस्तू निश्चल धरावयाची, तिला तिच्याच वजनाच्या जवळजवळ दुप्पट बळाने एका बोटाने मागे ओढावयाचे, आणि ओढताना ती यत्किंचितही हलता कामा नये, अशी ही अट आहे. हलली तर काय होते, याचा हिशेब क्रूर आहे. नेम धरण्यासाठी पिस्तुलावर असलेली पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात साडेआठ-नऊ इंचांचे अंतर असते. त्या दोहोंच्या मेळात एक शतांश इंचाचा फरक पडला तर ५० यार्डांवर गोळी सुमारे दोन इंच बाजूला जाते, आणि दहा गुणांच्या वर्तुळाचा संपूर्ण व्यास तेथे जेमतेम साडेतीन इंच भरतो. एक शतांश इंच म्हणजे एका पोस्टकार्डाच्या जाडीच्या आसपासचे प्रकरण. तेवढ्या फरकासाठी मनुष्याला आपल्या तर्जनीच्या चारित्र्याचा विचार करावा लागू नये, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे.

दुर्दैवाने गोळ्या स्वतःच साक्ष देतात. उजव्या हाताच्या नेमबाजाने चाप सावकाश दाबण्याऐवजी झटक्याने ओढला, तर पिस्तुलाचे तोंड खाली व डावीकडे झुकते आणि छिद्रे घड्याळातील सातच्या आकड्याच्या दिशेने गोळा होतात. ही गोष्ट प्रत्येक प्रशिक्षक जाणतो. नेमबाजही ती जाणतो. पण त्याच्या मते ती इतरांना लागू पडते, आणि त्याची स्वतःची छिद्रे सातच्या आकड्यापाशी जमतात ती केवळ चाप जड असल्यामुळे. म्हणून तो नवा संच मागवतो, आणि संच विकणारा साधारण सव्वादोन पौंडांवर सुटणाऱ्या चापाचे आश्वासन देतो. हा आकडा वाटेल तसा ठरलेला नाही : ०.२२ च्या पिस्तुलाचा चाप किमान दोन पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ ग्रॅमचा असावा, असा या क्रीडाप्रकाराचा नियम आहे, आणि वरचा पाव पौंड हा कायदा आणि मोह यांच्यातील मोकळा पट्टा होय. तपासणीची पद्धतही मोठी लोभस असते. रिकाम्या पिस्तुलाचा घोडा मागे चढवतात, नळी सरळ वर धरतात, चापाला दोन पौंडांचे वजन अडकवतात आणि पिस्तुलाने ते टेबलावरून अलगद उचलतात. घोडा पडला नाही तर पिस्तूल उत्तीर्ण. या दोन-चार सेकंदांत पिस्तुलाचा मालक ज्या मुद्रेने वजनाकडे पाहत असतो, ती मुद्रा एरवी शाळांच्या निकालाच्या दिवशी पालकांच्या चेहऱ्यावर आढळते.

प्रत्यक्ष चाप बसवण्याचे काम नियमाने बंदूक-कारागिराचे, म्हणजे तिकडे ज्याला ‘गनस्मिथ’ म्हणतात त्याचे. परंतु संचाबरोबर आलेल्या कागदावर हे काम घरी करता येण्याजोगे असल्याचे सूचित केलेले असते, आणि त्या सूचनेतील ‘करता येण्याजोगे’ या शब्दांवर विसंबून मालक पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करतो, दोनदा करतो, आणि ते स्वयंपाकघरातील टेबलावर घेऊन बसतो. या कामात प्रमुख वाटा लहान स्प्रिंगांचा असतो. सिअरची स्प्रिंग बोटाच्या पेराहून लहान असली तरी तिच्या ठायी स्वातंत्र्याची आकांक्षा मोठी असते. तिला रोखणारी पीन काढताच ती आपला मार्ग स्वतः निवडते, आणि तो बहुधा शीतकपाटाच्या खालून जातो. पिनाही एकमेकींसारख्या दिसतात, मात्र एकीच्या जागी दुसरी बसत नाही. अनुभवी लोक म्हणून हे सारे काम एका मोठ्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून करण्याचा सल्ला देतात. अननुभवी लोक तो सल्ला पहिली स्प्रिंग गेल्यानंतर वाचतात.

खरी कसोटी मात्र खोलण्यात नसून जोडण्यात असते, आणि या बाबतीत रुगरच्या जुन्या पिस्तुलांनी जो लौकिक मिळवला त्याला तोड नाही. १९४९ च्या मूळ आवृत्तीपासून १९८२ ची ‘मार्क टू’ आणि त्यानंतरची ‘मार्क थ्री’ येथपर्यंत पिस्तूल उघडणे जेवढे सोपे, तेवढेच ते मिटवणे दुर्घट होते. मुठीच्या मागच्या बाजूची पट्टी आत बसवताना घोड्याला जोडलेली एक लोंबती दांडी नेमकी आपल्या जागी विसावली पाहिजे, आणि ती विसावावी म्हणून पिस्तूल कधी उलटे, कधी सुलटे, कधी तिरके धरावे लागे; दांडी चुकली की पट्टी अर्ध्यावर अडकून बसे आणि पिस्तूल ना उघडे ना मिटलेले अशा अवस्थेत राही. मग रबरी हातोडी येई, मग उत्पादकाची पुस्तिका पुन्हा पहिल्या पानापासून वाचली जाई. कित्येक मालकांनी या भयाने पिस्तूल वर्षानुवर्षे उघडलेच नाही, आणि ते मळके असतानाही बिनतक्रार चालत राहिले, हे रुगरच्या रचनेचे यश की मालकांचे, हा वादाचा विषय होऊ शकेल. अखेर २०१६ मध्ये ‘मार्क फोर’ आले. त्यात मागचे एक बटण दाबले की वरचा भाग बिजागरीवर उचलला जातो. सदुसष्ट वर्षांनी आलेल्या या बटणाचे जे स्वागत झाले, ते पाहता माणसे अचूकतेपेक्षा सुटकेला अधिक मोल देतात असे म्हणावे लागते. आणि मुरलेल्या कारखान्याचाही हात अशा कामात घसरतो : पुढच्याच वर्षी, २०१७ च्या जूनमध्ये, सुरक्षा-खटका अर्धवट स्थितीत असताना चाप ओढला गेल्यास पिस्तूल अनपेक्षितपणे उडू शकते असे आढळल्यामुळे रुगरला ही पिस्तुले दुरुस्तीसाठी परत मागवावी लागली होती. स्वयंपाकघरातील टेबलावरच्या कारागिराने एवढी एक नोंद नजरेसमोर ठेवली, तरी गनस्मिथचे दर त्याला एकाएकी वाजवी वाटू लागतील. सिअर आणि खाच यांची पकड प्रमाणाबाहेर सैल झाली तर एका ओढीत दोन गोळ्या सुटण्याची अवस्थाही येते. अशा पिस्तुलाला पंच मैदानाबाहेर काढतात आणि ते योग्यच करतात. या ठिकाणी विनोद थांबतो.

सर्व काही बिनचूक बसल्यानंतर जी संध्याकाळ येते, तिच्यात या संपूर्ण व्यवहाराचे रहस्य दडलेले आहे. मालक पिस्तूल रिकामे असल्याची पुन्हा खात्री करून भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे रोखतो आणि नवा चाप ओढतो. टक्. काच! तो पुन्हा ओढतो. पुन्हा काच. गोळीविना चाप ओढण्याच्या या क्रियेला ‘ड्राय फायर’ म्हणतात, आणि नेमबाजीच्या प्रशिक्षणात तिला अनन्यसाधारण महत्त्व आहे, कारण धमाका नसल्यामुळे दचकणे नसते आणि माशी नेमकी केव्हा व किती हलली हे स्वच्छ दिसते. प्रशिक्षकांनी ती रोज करावयास सांगितलेली असते आणि ती कोणीही करत नाही, कारण जुना चाप ओढण्यात कसलाही आनंद नसतो. (अशा पिस्तुलात घोड्याचा आघात काडतुसापर्यंत नेणाऱ्या सुईला आवर घालणारी एक आडवी पीन असते, जोडताना ती विसरली तर सुई थेट नळीच्या काठावर आपटून तिला खोच पाडते, आणि मग नळीला दोष देण्याचे खर्चिक कारणही आयतेच उपलब्ध होते.) नवा चाप आला की मात्र मनुष्य रात्रीच्या जेवणापूर्वी पन्नास वेळा, जेवणानंतर शंभर वेळा आणि पाहुण्यांना दाखवण्यासाठी आणखी काही वेळा तो ओढून पाहतो. दोन आठवडे हे कौतुक चालते. त्यानंतरच्या स्पर्धेत त्याचे गुण वाढतात.

गुण का वाढले, याबद्दल त्याच्या मनात किंचितही संदेह नसतो. दोन आठवड्यांत त्याच्या बोटाने पूर्वीच्या दोन वर्षांपेक्षा अधिक व्यायाम केला, ही गोष्ट त्याच्या लक्षात आणून देणारा मित्र अरसिक ठरतो. पुढे कौतुक ओसरते, टक्टक् थांबते, गुण हळूहळू आपल्या मूळ जागी येतात आणि छिद्रे पुन्हा सातच्या आकड्यापाशी बैठक मांडतात. परंतु तोपर्यंत सव्वादोन पौंडांचा निर्दोष चाप सिद्ध झालेला असल्यामुळे संशयाची सुई आता मुठीकडे वळते. मूठही विकत मिळते. मुठीनंतर माशीऐवजी लाल ठिपका दाखवणारे दृष्टियंत्र येते, आणि त्या ठिपक्याचा एक मोठा तोटा असा की हात किती थरथरतो हे तो प्रथमच स्पष्टपणे दाखवतो.

महाराष्ट्रातील नेमबाजाला या सुखाचा पूर्ण लाभ घेता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याने शस्त्राच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही समाविष्ट केले असल्यामुळे ०.२२ च्या पिस्तुलाचा चाप साबणाच्या वडीसारखा घरपोच मागवण्याची सोय येथे नाही. पुण्याच्या बालेवाडीत किंवा कोल्हापुरात नेमबाजी शिकणारी मुले-मुली मुख्यत्वे दहा मीटरच्या एअर पिस्तुलाने सुरुवात करतात, आणि त्या प्रकारात चापाचे किमान वजन ५०० ग्रॅम असते. पंचवीस मीटरच्या प्रकारात ते १००० ग्रॅम होते. स्पर्धेच्या दर्जाच्या एअर पिस्तुलांना कारखान्यातूनच इतके स्क्रू लावलेले असतात की चापाची चाल, वजन, कोन आणि जागा हे सर्व बदलता येते, त्यामुळे विकत घेण्याऐवजी पिळत बसण्याचा स्वदेशी मार्ग उपलब्ध होतो. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात आणि २०१८ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदके मिळवली, ती याच १००० ग्रॅमच्या नियमाखाली. उलट बाजूने, यंत्राचा दोष कधीच खरा नसतो असेही कोणी समजू नये : टोकियो ऑलिम्पिकमध्ये मनू भाकर यांच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, मोलाची मिनिटे गेली आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली, तीन वर्षांनी पॅरिसमध्ये त्यांनी दोन कांस्यपदके मिळवली. टोकियोच्या त्या घटनेचा आधार घेऊन देशातील किती नेमबाजांनी आपापल्या जुन्या गुणपत्रिकांचा फेरविचार केला असेल, याचा अंदाज प्रत्येक वाचकाने आपल्या ओळखीच्या मंडळींवरून बांधावा.

एवढे वाचूनही ज्याला नवा चाप हवाच असेल, त्याने तो योग्य कारागिराकडून बसवून घ्यावा, कारण चांगला चाप ही खरोखरच चांगली वस्तू आहे. आणि काढलेला जुना चाप त्याच्या स्प्रिंगांसह एका पुडीत घालून नीट जपून ठेवावा. पिस्तूल विकण्याची वेळ येते तेव्हा घेणारा सर्वप्रथम ती पुडी मागतो, आणि नव्या चापाचे वेगळे पैसे देत नाही.